संगणक मंद का होतो?



ज्या घरात संगणक आहे, त्या घरात आठवड्यातून एकदा तरी एक उद्गार ऐकू येतोच : ‘हँग झाला वाटतं!’ हा उद्गार काढणारा मनुष्य त्यानंतर सामान्यतः तीन गोष्टी करतो. प्रथम तो माऊस जोरजोराने हलवितो. मग ज्या चित्रावर एकदा टिचकी मारली, त्यावरच आणखी चार-पाच टिचक्या मारतो. आणि अखेरीस घरातील सर्वांत लहान माणसावर रागावतो. मी ह्या तिन्ही गोष्टी केलेल्या आहेत, आणि त्यांपैकी एकीनेही यंत्र वेगाने चालू लागल्याचा अनुभव मला आलेला नाही. दुसरीने तर ते अधिकच अडते. ते का, हे पुढे ओघाने येईलच.

मी संगणकशास्त्राचा पदवीधर नव्हे. जुनी अकरावी उत्तीर्ण होऊन शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि सारी हयात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून घालविली. आता अहिल्यानगरला लागूनच असलेल्या केडगावी मुलगा, सून व नात ह्यांच्यासमवेत राहतो. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात नातीचा अभियांत्रिकीच्या प्रवेशाचा अर्ज भरावयाचा होता. एका टॅबमध्ये प्रवेशाचे संकेतस्थळ, दुसऱ्यात आदल्या वर्षीचे कट-ऑफ, तिसऱ्या-चौथ्यात महाविद्यालयांची माहिती, शिवाय गुणपत्रिकेची स्कॅन केलेली प्रत आणि सल्ला देण्यासाठी पुण्याहून व्हिडिओवर हजर असलेले तिचे मामा, असा सारा संसार पडद्यावर मांडलेला होता. मुदत सायंकाळी संपावयाची. चारच्या सुमारास यंत्र अडले. मामांचा चेहरा तोंड उघडलेल्या स्थितीत थिजला, अक्षरे टंकली तर ती दहा-दहा सेकंदांनी उमटू लागली, आणि पेटीतून कर्रकर्र असा आवाज येऊ लागला. मी शिक्षकाच्या जुन्या सवयीने म्हणालो, ‘एका वेळी एकच काम करावं!’ त्यावर ती म्हणाली, ‘आजोबा, एकच काम करायचं, तर कट-ऑफ बघायचे कशावर आणि पसंतीक्रम भरायचा कशावर?’ ह्याला मजजवळ उत्तर नव्हते. अर्ज शेवटी मोबाइलवरच, डोळे ताणून, मुदतीच्या आत कसाबसा गेला.

दुसऱ्या दिवशी एका जाणत्या दुकानदारास यंत्र दाखविले. त्याने ते चालू करून न पाहताच निकाल दिला : ‘गुरुजी, मशीन जुनं झालंय. नवीन घेऊन टाका.’ नव्याची किंमत माझ्या सव्वा महिन्याच्या निवृत्तिवेतनाएवढी होती. ती देण्यापूर्वी रोग काय आहे हे आपण स्वतः पाहावे, असे मी ठरविले. जे समजले ते आज आपणांपुढे मांडतो.

प्रथम हे पाहू की, संगणक अनेक कामे एकाच वेळी करतो म्हणजे काय करतो. ज्यांनी एकशिक्षकी शाळा पाहिली आहे, त्यांना हे समजावयास कठीण नाही. एक गुरुजी, एक खोली, चार वर्ग. पहिलीला पाटीवर बाराखडी गिरवावयास सांगावी, दुसरीला बेरजा घालून द्याव्यात, तिसरीला धडा वाचावयास लावावे, आणि तेवढ्या वेळात चौथीचे त्रैराशिक फळ्यावर सोडवावे. बाहेरून पाहणाऱ्या साहेबांना वाटते की चारही वर्ग एकदम चालले आहेत. वस्तुतः गुरुजी कोणत्याही एका क्षणी एकाच वर्गाजवळ असतात. संगणकाचा प्रोसेसर हा असाच एक गुरुजी होय. तो प्रत्येक कामास सेकंदाच्या काही शतांशांइतका वेळ देतो आणि पुढल्या कामाकडे वळतो. हा फेरा इतका जलद होतो की, आपल्या डोळ्यांना गाणे, अक्षरे आणि चित्रे अखंड चाललेली भासतात. अमेरिकेतील एम. आय. टी. ह्या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात, एका यंत्रावर अनेक माणसांनी एकाच वेळी काम करावयाची ही युक्ती प्रत्यक्ष चालवून दाखविली. आज घरोघरच्या यंत्रांत चार किंवा अधिक ‘कोअर’ असतात, म्हणजे गुरुजीच चार असतात. तरी पद्धत तीच.

मग अडते कोठे? गुरुजी थकतात म्हणून अडत असेल, असे प्रथम कोणासही वाटेल. दुकानदाराचेही तेच मत होते. परंतु ज्याने शाळा चालविली आहे तो सांगेल की, गुरुजींच्या आधी फळा अपुरा पडतो.

संगणकाचा फळा म्हणजे त्याची रॅम. जे काम चालू आहे त्याची सामग्री ह्या फळ्यावर असावी लागते. प्रोसेसर तेथूनच वाचतो व तेथेच लिहितो. हार्ड डिस्क म्हणजे शेजारच्या खोलीतील कपाट. त्यात वह्या-पुस्तके पुष्कळ मावतात, पण वही आणावयाची तर उठून जावे लागते. चार वर्गांची गणिते फळ्यावर मावतात तोवर सर्व सुरळीत चालते. पाचव्या कामास जागा उरली नाही की गुरुजी काय करतात? दुसरीच्या बेरजा वहीत उतरवून घेतात, वही कपाटात ठेवतात, फळा पुसतात, नवे गणित लिहितात. तोच दुसरीची पाळी येते! मग नवे पुसावयाचे, कपाटातून वही आणावयाची, बेरजा पुन्हा फळ्यावर उतरावयाच्या. ही फळा पुसून पुन्हा लिहिण्याची तजवीज संगणकात प्रथम इंग्लंडातील मँचेस्टरच्या ॲटलस नावाच्या यंत्रात आली. त्याचे उद्घाटन १९६२ सालच्या डिसेंबरात झाले. आपल्या घरच्या यंत्रात तिला ‘व्हर्च्युअल मेमरी’ म्हणतात. ती सोय मोठी आहे, ह्यात शंका नाही. तिच्यामुळेच फळा भरला तरी काम मोडत नाही. पण तिची किंमत वेळाच्या रूपाने द्यावी लागते, आणि ती केवढी, हे थोडे गणित करून पाहण्याजोगे आहे.

रॅममधील मजकूर मिळावयास स्थूलमानाने सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून तो आणावयाचा तर सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग. कारण मिनिटास ७,२०० फेरे घेणारी तबकडी झाली तरी तिला एक फेरा पुरा करावयास आठ सहस्रांश सेकंदाहून अधिक वेळ लागतो, आणि वाचणारी सुई योग्य जागी सरकावी लागते ती वेगळीच. म्हणजे दोहोंत एक लक्ष पटींचे अंतर. फळ्यावरचे वाचावयास गुरुजींना एक सेकंद लागत असेल, तर कपाटातून वही आणावयास एक लक्ष सेकंद, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस तास लागावेत! आज मंगळवारी सकाळी गेलेले गुरुजी बुधवारी दुपारी वही घेऊन परत येणार, आणि तोवर वर्ग हातावर हात ठेवून बसणार. हल्ली तबकडीच्या जागी ‘एस. एस. डी.’ नावाचे, काहीही न फिरणारे कपाट मिळते. त्यातून वही आणावयास ह्याच मापाने सुमारे सतरा मिनिटे लागतात. सतरा मिनिटेही काही थोडी नव्हेत. परंतु अठ्ठावीस तासांपुढे ती स्वर्गसुखच म्हटली पाहिजेत.

ह्यात एक चमत्कारिक गोष्ट अशी की, मंदपणा हळूहळू वाढत नाही. दहा टॅब उघडे असता यंत्र धावत असते, आणि अकरावा उघडताच ते खाली बसते. ह्या अवस्थेचा उलगडा पीटर डेनिंग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली केला. इंग्रजीत तिला ‘थ्रॅशिंग’ असे नाव आहे. खळ्यावर बैल गोल गोल फिरत आहेत, धूळ उडते आहे, घाम गळतो आहे, पण खळ्यात कणसेच नाहीत, अशातली ती स्थिती : सारा वेळ पुसण्यात आणि आणण्यात जातो, गणित एकही सुटत नाही. डेनिंग ह्यांचे म्हणणे असे की, प्रत्येक कामास त्या-त्या घटकेला लागणाऱ्या सामग्रीचा एक संच असतो. सर्व चालू कामांचे संच फळ्यावर मावतात तोवर काम चालू द्यावे. एकही मावेनासा झाला तर नवे काम आत घेऊ नये. त्या काळच्या मोठ्या यंत्रांत ह्याच्या नेमके उलट घडत असे. प्रोसेसर रिकामा बसला आहे असे पाहून व्यवस्था पाहणारा प्रोग्रॅम आणखी कामे आत ढकली, आणि गोंधळ दुणावे. यंत्र थांबलेले पाहून आपण चित्रावर पुन्हा पुन्हा टिचक्या मारतो, तेव्हा आपण हीच चूक करीत असतो. प्रत्येक टिचकी हे एक नवे काम असते.

येथे सहज एक हिशेब आठवतो. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ह्या संस्थेत आपल्या लोकांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कामास लागला. त्याची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने अवघ्या १० किलोबाइटांची होती. माझ्या घरच्या यंत्राची रॅम ४ गिगाबाइट, म्हणजे टिफ्रॅकच्या चार लाख पटींहून अधिक. तरी टिफ्रॅकवर शास्त्रज्ञांची गणिते होत, आणि माझे यंत्र मामांच्या चेहऱ्यापाशी अडते! ह्याचे कारण उघड आहे. टिफ्रॅक एका वेळी एकच गणित सोडवी, आणि गणित मांडणारा मनुष्य एकेक शब्द जपून वापरी. आज एक वर्तमानपत्राचे पान उघडले तरी त्यासोबत जाहिराती, चलच्चित्रे आणि नाना प्रकारचे हेर फळ्यावर येऊन बसतात. शिवाय हल्लीचे ब्राउझर बहुतेक टॅबांना स्वतंत्र काम म्हणून वागवितात. एक टॅब कोसळला तर बाकीचे वाचावेत, हा त्यातील हेतू योग्य आहे. परंतु प्रत्येकास फळ्याचा निराळा तुकडा द्यावा लागतो.

आणि नुसते गुरुजी वाढवून भागत नाही, हे ध्यानात आणून देणारे उदाहरण पुण्याचे आहे. तेथील सी-डॅक ह्या संस्थेने विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. पुष्कळ लहान प्रोसेसर एकत्र जोडून एक मोठे काम वाटून देणे, हे त्याचे तत्त्व. त्यात प्रत्येक प्रोसेसरला त्याची स्वतःची स्मृती दिलेली होती. प्रत्येक गुरुजींस स्वतःचा फळा! ‘आठ कोअर’ अशी मोठी अक्षरे पेटीवर छापून आत चार गिगाबाइटांची रॅम घालणाऱ्या विक्रेत्यांनी ह्याचा विचार करावा.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळतो. विंडोज असलेल्या यंत्रात कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या असता ‘टास्क मॅनेजर’ नावाचे पान उघडते. तेथे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क ह्यांवर किती भार आहे हे शेकडेवारीने दिसते. माझे सांगणे एवढेच की, यंत्र अडल्यावर हे पान उघडण्याची धडपड करू नये. यंत्र नुकतेच सुरू केलेले असताना ते उघडावे आणि बाजूस ठेवावे. मी एक वही घेतली, हजेरीपटासारखे रकाने आखले, यंत्र सुरू करून दहा मिनिटे स्वस्थ बसलो, आणि मग एकेक काम उघडीत आकडे मांडीत गेलो. काहीही उघडले नसताना मेमरी ५४. ब्राउझर व एक टॅब, ६३. सहा टॅब, ८१. व्हिडिओची भेट सुरू केली, ९२. येथवर डिस्कचा आकडा वीस-तीसच्या घरात होता. स्कॅन केलेली गुणपत्रिका उघडली मात्र, मेमरी ९५ झाली आणि डिस्क एकदम १००वर जाऊन तेथेच खिळली. पेटीतला तो ओळखीचा कर्रकर्र आवाज सुरू झाला. आणि प्रोसेसर? तो ह्या सर्व वेळात ४५च्या वर गेलाच नाही. गुरुजी रिकामे बसले होते. वहीची वाट पाहत होते.

हे आकडे पाहून मला आमच्या शाळेतील एक मुलगा आठवला. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी ‘मंद’ असा शेरा दोन सत्रे लिहिला होता. पुढे आरोग्य तपासणीत आढळले की, त्यास मागच्या रांगेतून फळाच दिसत नव्हता. चष्मा आल्यावर तो गणितात पहिल्या पाचांत आला. शेरा लिहिण्यापूर्वी त्याचे डोळे तपासावेत, हे मला सुचले नव्हते. असो.

रोग कळल्यावर उपाय एकेकच करावा, म्हणजे कशाने गुण आला हे समजते. प्रथम बिनपैशाचा उपाय. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ ह्या सदराखाली, यंत्र सुरू होताच आपण न बोलाविता येऊन बसणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी असते. आमच्या यादीत चौदा पाहुणे निघाले. त्यांतील दोन निरनिराळे व्हायरसरोधक होते, आणि दोघेही प्रत्येक फाइल आळीपाळीने तपाशीत बसत. नातीस विचारून, ज्यांचे नाव आम्हांला ओळखता येत होते असे नऊ बंद केले व एक व्हायरसरोधक काढून टाकला. जे ओळखू आले नाहीत त्यांना हात लावला नाही. ५४चा आकडा ४४वर आला. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये, वापरात नसलेले टॅब निजवून ठेवण्याची सोय असते. तीही चालू केली. एवढ्याने पाच-सहा टॅबांची सोय झाली, परंतु व्हिडिओ आणि अर्ज ही दोन्ही एकत्र चालेनात. तेव्हा फळाच मोठा केला पाहिजे हे ठरले.

रॅम घेताना दोन-तीन गोष्टी पाहाव्या लागतात. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती खाचा भरलेल्या आहेत हे दिसते. आमच्या यंत्रात दोहोंपैकी एक मोकळी होती. डी. डी. आर. ३, ४ आणि ५ अशा तिच्या पिढ्या आहेत, आणि एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही. विंडोज ३२ बिटांचे असेल तर ४ गिगाबाइटांपलीकडची रॅम घालून उपयोग नाही. साध्या घरगुती आवृत्तीला ती वापरताच येत नाही. काही लॅपटॉपांत ती पक्की जोडलेली असते, तेथे इलाज चालत नाही. दुकानात जुन्या पट्टीचा फोटो घेऊन जावे, हे उत्तम. मी ८ गिगाबाइटांची पट्टी आणली. ती नव्या संगणकाच्या किमतीच्या मानाने फारच थोड्यात मिळाली. वीजप्रवाह तोडून, पेटीच्या धातूस हात लावून अंगातील स्थितिक विद्युत घालवून, नातीनेच ती खाचेत बसविली. मी फक्त विजेरी धरली.

पेटी उघडल्यावर दुसरा एक प्रकार दृष्टीस पडला. आमचे घर पुणे रस्त्यापासून जवळ. त्यामुळे पंख्याखालच्या धातूच्या पात्यांवर धुळीचे चक्क नमद्यासारखे आवरण बसले होते. प्रोसेसर अति तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. आमच्या रोगाचे ते मूळ नव्हते, पण ज्यांचे यंत्र एप्रिल-मेमध्येच मंदावते, त्यांनी आधी धूळ काढावी. प्रोसेसरचाच आकडा सतत १००वर असेल, तर मात्र रोग निराळा : एखादा बिघडलेला प्रोग्रॅम, चालू असलेले अद्ययावतीकरण, किंवा खरोखरच घुसलेला व्हायरस. आणि मेमरी निम्मी रिकामी असूनही डिस्क १००वरून हलत नसेल व काही फाइली उघडेनाशा झाल्या असतील, तर डिस्क मरणपंथास लागली आहे असा संशय घ्यावा आणि पहिल्या प्रथम कुटुंबाची छायाचित्रे व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. दुरुस्ती मागाहून.

दोन उपचारांपासून सावध राहावे. ‘रॅम स्वच्छ करणारे’ म्हणून फुकट प्रोग्रॅम मिळतात. ते फळ्यावरचे जबरीने पुसतात आणि आकडा खाली आणून दाखवितात. क्षणभराने तीच वही पुन्हा कपाटातून आणावी लागते. दुसरा सल्ला व्हर्च्युअल मेमरी अजिबात बंद करण्याचा. तसे केले असता यंत्र मंद होत नाही हे खरे. ते काम अर्धवट टाकून देते.

दुकानदाराच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. विंडोज १० ची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली, आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ स्वीकारीत नाहीत. सुरक्षिततेसाठी यंत्र बदलावे लागणे शक्य आहे. पण ते कारण निराळे आणि मंदपणाचे कारण निराळे. एकाच्या नावावर दुसऱ्याचे पैसे का द्यावेत?

रॅम घातल्यावर वही पुन्हा उघडली. सर्व कामे पूर्वीच्याच क्रमाने उघडली. मेमरी चाळीसच्या आसपास राहिली आणि डिस्क दहाच्या वर गेली नाही. यंत्र सुरू व्हावयास मात्र अजून तीन मिनिटे लागतात, कारण कपाट जुनेच आहे. त्या जागी एस. एस. डी. घालण्याचा विचार दिवाळीपर्यंत पुढे ढकलला आहे. प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीचा पसंतीक्रम नातीने ह्याच यंत्रावर भरला. मामा व्हिडिओवर होतेच आणि ह्या वेळी त्यांचे तोंड मिटत-उघडत होते. अकरा टॅब उघडे होते. मी मागे उभा राहून मोजले, पण बोललो काही नाही.